तिबेटी डोंगराळ मुलूख : भूगोल, इतिहास, संस्कृती आणि नकाशे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत तिबेटविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक कैलास-मानसरोवर यात्रेभोवती नाहीतर दलाई लामांभोवती फिरते. या दोहोंच्या पलीकडचा मुलूख फार मोठा आहे. त्यातली खोरी, खिंडी, कुरणे, मठ आणि मिठाच्या वाटा समजून घेऊ पाहणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

नकाशावर तिबेट नेमका कुठून कुठपर्यंत?

याला एक उत्तर नाही. जो नकाशा एकच उत्तर देतो, तो जरा जपून वाचावा.

चीनच्या कारभारात तिबेट म्हणजे १ सप्टेंबर १९६५ रोजी स्थापन झालेला तिबेट स्वायत्त प्रदेश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ लाख चौरस किलोमीटर. तिबेटी माणूस स्वतःच्या मुलखाला ‘बोद’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात उ-त्सांग, खाम आणि आमदो असे तीन मोठे भाग असतात. आमदो आज मुख्यतः छिंगहाय आणि गान्सू प्रांतांत विभागला आहे, त्याचा एक तुकडा सिचुआनमध्येही आहे. पूर्व खाम सिचुआन आणि युन्नानमध्ये गेला आहे. चीनमधल्या तिबेट्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वायत्त प्रदेशाच्या बाहेर राहतात. म्हणजे फक्त स्वायत्त प्रदेशाचा नकाशा काढला, तर अर्ध्याहून जास्त तिबेटी माणसे नकाशाबाहेर राहतात.

भूगोलवाल्यांचे तिबेटचे पठार आणखी मोठे, साधारण २५ लाख चौरस किलोमीटरचे. शिवाय लडाख, स्पिती, मुस्तांग, डोल्पो, सिक्कीम आणि भूतान इथेही तिबेटी लिपीतले ग्रंथ, तिबेटी परंपरेचे मठ आणि तिबेटीच्या बहिणी शोभतील अशा बोली आहेत. राजकारणाने मात्र हे प्रदेश वेगळे आहेत.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की आपण यांतले कोणते तिबेट काढले आहे हे नकाशाच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहावे.

उ-त्सांग, खाम, आमदो यांत फरक काय?

एक जुनी तिबेटी म्हण आहे : धर्म उ-त्सांगचा, माणसे खामची, घोडे आमदोचे. म्हण तिघांनाही खूश ठेवते, पण तिच्यात भूगोलही आहे.

उ-त्सांग म्हणजे यारलुंग त्सांगपो आणि तिच्या उपनद्यांची मध्य खोरी. ही खोरी रुंद असल्यामुळे सातू पिकतो, सातू पिकतो म्हणून मोठे मठ पोसले जातात. गांदेन १४०९, द्रेपुंग १४१६, सेरा १४१९ : दहा वर्षांत तीन महामठ ल्हासाच्या परिसरात उभे राहिले, त्याचे एक कारण या खोऱ्यांच्या धान्यात शोधावे लागते.

खाममध्ये जमीन उभी चिरली गेली आहे. साल्वीन, मेकाँग आणि यांगत्से या नद्या इथे उत्तर-दक्षिण अशा जवळजवळ समांतर धावतात आणि त्यांच्या मध्ये उंच डोंगररांगा. खामचे पारंपरिक नावच ‘छुशी गांगद्रुक’, म्हणजे चार नद्या आणि सहा रांगा. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायला उंच खिंड चढावी लागते. त्यामुळे इथे देर्गेसारखी लहान लहान राज्ये टिकली, आणि ल्हासा किंवा पेकिंग यांपैकी कोणाचाही हुकूम सहज चालला नाही. त्याच देर्गेत १७२९ मध्ये छापखाना उभा राहिला. लाकडी ठशांवरून ग्रंथ छापणारी ही जागा आजही चालू आहे आणि तिथे दोन लाखांहून अधिक ठसे आहेत.

आमदो उत्तरेला, लाटांसारख्या गवताळ माळांचा. तिबेटी बौद्ध धर्मातल्या गेलुग परंपरेचे प्रवर्तक त्सोंगखापा (१३५७–१४१९) इथलेच, चौदावे दलाई लामाही इथलेच.

पश्चिमेचा ङारी अनेक नकाशांत उ-त्सांगमध्ये घालतात. तो वेगळा दाखवलेला बरा, कारण त्याचा इतिहास लडाख आणि किन्नौरशी बांधलेला आहे. जुनी वर्णने त्याची तीन वर्तुळे सांगतात : बर्फाने वेढलेले पुरांग, कड्यांनी वेढलेले गुगे, तलावांनी वेढलेले मारयुल.

हे पठार इतके उंच कशामुळे?

भारतीय भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि अजूनही उत्तरेकडे रेटतो आहे. त्या रेट्याने कवच जाड झाले आणि जमीन वर आली. पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे.

कैलासाजवळून चार नद्या निघतात हे खरे, की ही केवळ श्रद्धा?

श्रद्धेने भूगोल बराच अचूक टिपला आहे. तिबेटी परंपरेत या चार नद्या चार प्राण्यांच्या मुखांतून निघतात : सेंगे खबाब म्हणजे सिंहमुख, लांगछेन खबाब म्हणजे गजमुख, ताम्छोक खबाब म्हणजे अश्वमुख आणि माब्जा खबाब म्हणजे मयूरमुख. नकाशावर या अनुक्रमे सिंधू, सतलज, यारलुंग त्सांगपो आणि कर्णाली. चौघींचे उगम खरोखरच कैलास-मानसरोवराच्या टापूत आहेत. मात्र कोणतीही नदी शिखराच्या पायथ्यातून चार दिशांना फुटत नाही, उगम एकमेकींपासून बरेच दूर आहेत. स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने १९०७ मध्ये ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या उगमांपर्यंत पोहोचून ते पाश्चात्त्य नकाशांवर आणले. तिथल्या मेंढपाळांना ते आधीपासून ठाऊक होते, आणि वाटाड्यांवाचून हेडिन तिथे पोहोचलाच नसता.

तिबेटची त्सांगपो आणि आसामची ब्रह्मपुत्रा एकच आहे हे कसे ठरले?

या प्रश्नाच्या उत्तरात किंथुपचे नाव आलेच पाहिजे.

नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी (७,२९४ मीटर) या दोन शिखरांच्या मधून त्सांगपो एका भयंकर घळीत शिरते, जवळजवळ उलटी वळते आणि दिसेनाशी होते. खाली आसामात दिहांग नदी उतरते. दोन्ही एकच असावी असा अंदाज होता, पुरावा नव्हता. १८८० मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन हार्मनने एका लामाला आणि त्याच्याबरोबर सिक्कीमच्या किंथुपला पाठवले. त्यांनी वरच्या अंगाला खुणेचे ओंडके नदीत सोडायचे आणि खाली आसामात माणसे लक्ष ठेवणार, अशी योजना होती.

लामाने वाटेत किंथुपला गुलाम म्हणून विकले आणि तो निघून गेला. किंथुप निसटला, पकडला जाणार तोच मारपुंगच्या मठात शिरला आणि तिथल्या महंतांनी पैसे मोजून त्याला सोडवले. त्यांची चाकरी करता करता तीर्थयात्रेच्या नावाने रजा घेऊन त्याने पाचशे ओंडके तोडून लपवले. मग पुन्हा रजा काढून तो ल्हासाला गेला. त्याला लिहिता येत नव्हते. ओंडके कोणत्या दिवसांत सोडणार हे दुसऱ्याकडून लिहून घेऊन त्याने दार्जिलिंगला पत्र धाडले आणि तो परत चाकरीवर हजर झाला. ठरल्या दिवसांत त्याने रोज पन्नास, असे दहा दिवस ओंडके सोडले. पण तोवर हार्मन भारत सोडून गेला होता. नदीवर कोणीच पाहत नव्हते.

१८८४ मध्ये तो परतला. पाहिलेले त्याने तोंडी सांगितले, दुसऱ्याने उतरवून घेतले, आणि वरिष्ठांनी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड या अधिकाऱ्यांनी त्या भागात पायी फिरून नद्या एकच असल्याचे ठरवले, तेव्हा किंथुपचे वर्णन बहुतेक खरे निघाले. त्यानंतर बेलीने त्याचा शोध लावला, तेव्हा तो दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करत होता. ब्रह्मपुत्रेच्या नकाशाखाली ज्यांची नावे छापली जातात त्यांत त्याचे नाव सहसा नसते. ते असावे असे मला मनापासून वाटते.

‘पंडित’ म्हणजे कोण? त्यांनी जपमाळेवर नकाशा काढला म्हणतात, ते कसे?

एकोणिसाव्या शतकात तिबेटच्या सीमा युरोपीयांना बंद होत्या. तेव्हा सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरीने सीमेवरच्या भारतीयांना शिकवून पाठवायचे ठरवले. निवड झाली ती कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावच्या नैनसिंग रावत आणि मणिसिंग या चुलत भावांची. ही निवड अगदी नेमकी होती. जोहारचे शौका व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या खिंडी ओलांडून पश्चिम तिबेटात धान्य नेत आणि मीठ, लोकर आणत. तिबेटी त्यांना बोलता येत होती. नैनसिंग तर गावात शाळामास्तर होते, त्यावरूनच ‘पंडित’ हे नाव पडले.

डेहराडूनला त्यांना सारख्या अंतराचे पाऊल टाकायला शिकवले गेले, चढ असो की उतार. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी दिशा आणि अंतरे लिहिलेल्या चिठ्ठ्या. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट म्हणजे कोन मोजायचे यंत्र, कवड्यांत पारा भरलेला : तो वाटीत ओतला की ताऱ्यांची उंची मोजायला क्षितिज तयार. उंची काढायला उकळत्या पाण्यात तापमापक. ल्हासात पाणी सुमारे ८८ अंश सेल्सिअसला उकळते, आणि एका अंशाची चूक झाली की उंचीत जवळजवळ तीनशे मीटरांचा फरक पडतो.

नैनसिंग नेपाळमार्गे जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. त्यांनी काढलेले ल्हासाचे अक्षांश आजच्या मोजणीशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. उंची मात्र ३,२४० मीटर आली, प्रत्यक्षात शहर सुमारे ३,६५० मीटरवर आहे. हा फरक वाचून त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो, कारण हाताशी एक तापमापक आणि पकडले गेल्यास मृत्यू, अशा स्थितीतली ही मोजणी आहे. पुढे १८७४–७५ मध्ये ते लेहहून ल्हासाला आणि तिथून तवांगमार्गे आसामात उतरले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांच्याच घराण्यातले किशनसिंग १८७८ ते १८८२ या काळात थेट दुनहुआंगपर्यंत गेले. लुटारूंच्या भीतीने काफिला घोड्यावरून निघाला, तेव्हा त्यांनी घोड्याची पावले मोजली.

हे काम हेरगिरीचे होते हेही विसरू नये. १९०४ मध्ये यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याची फौज ल्हासावर चालून गेली, तेव्हा या माहितीचा उपयोग झाला.

गोव्याचा तिबेटशी काही संबंध आला होता का?

हो, आणि तो बराच जुना. पोर्तुगीज जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) आंतोनियु द आंद्राद १६२४ मध्ये आग्र्याहून निघून बद्रीनाथच्या वरची माणा खिंड ओलांडून गुगे राज्याची राजधानी त्सापारांगला पोहोचला. पुढे तिथे चर्चही बांधले गेले. १६३० मध्ये लडाखने गुगे जिंकले आणि ते राज्य संपले. आंद्राद तोवर गोव्याला परतला होता, १६३४ मध्ये तो तिथेच वारला. इटालियन जेझुइट इप्पोलितो देसिदेरी १७१३ मध्ये गोव्यात उतरला, काश्मीर-लेहमार्गे १७१६ मध्ये ल्हासाला गेला आणि तिथे तिबेटी ग्रंथांचा खोल अभ्यास करत पाच वर्षे राहिला. वाटेत त्याने कैलास आणि मानसरोवराच्या प्रदेशाचे वर्णन लिहिले आहे.

तिबेटी लोक स्वतः नकाशे काढत नव्हते का?

काढत होते. आपण अक्षांश-रेखांशांच्या जाळीलाच नकाशा म्हणतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

सगळ्यात विलक्षण नकाशा म्हणजे उताणी पडलेली राक्षसी. सातव्या शतकात सोंगत्सेन गाम्पो राजाच्या काळी तिबेटची भूमी एका राक्षसीच्या देहासारखी पसरली होती आणि बौद्ध धर्माला अडवत होती, अशी कथा आहे. तिला स्थिर करण्यासाठी तिच्या खांद्यांवर, नितंबांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, हातापायांवर मंदिरे बांधली गेली, आणि हृदयावर ल्हासाचे जोखांग. ही मंदिरे जिथे आहेत त्या खऱ्या जागा आहेत. मध्य भागातली जवळची, सीमेवरची दूरची. म्हणजे हे राज्याच्या विस्ताराचे चित्रच आहे, फक्त मोजमाप किलोमीटरांत नसून देहाच्या अवयवांत आहे.

दुसरा प्रकार तीर्थवर्णनांचा. ‘नेयिक’ म्हणजे तीर्थाची मार्गदर्शिका, ‘लामयिक’ म्हणजे वाटेची. कोणत्या खडकावर कोणा सिद्धाचे पाऊल उमटले आहे, पाणी कुठे मिळेल, खिंड केव्हा उघडते हे त्यांत असते. तिसरा प्रकार चित्रांचा. १८५० च्या दशकात विल्यम हे या इंग्रज अधिकाऱ्यासाठी एका तिबेटी लामाने लेहपासून ल्हासापर्यंतच्या वाटेची मोठी चित्रे काढली. मठ, किल्ले, पूल, नद्या, वाटसरू सगळे त्यांत आहे. ही चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आणि आधुनिक मोजणीतही तिबेटी हात होते. चीनच्या कांगशी सम्राटाने जेझुइटांकडून गणित शिकलेल्या लामांना १७१७ च्या सुमारास तिबेटच्या मोजणीला पाठवले. त्या कामावरचा नकाशा पुढे १७३७ मध्ये हेगला द’आन्व्हिल या फ्रेंच नकाशाकाराच्या नकाशासंग्रहात छापला गेला. एव्हरेस्टचे चोमोलुंगमा हे नाव त्या चिनी नकाशांवर आले, तेव्हा जॉर्ज एव्हरेस्टचा जन्मही झाला नव्हता.

एकाच शिखराची उंची वेगवेगळ्या नकाशांवर वेगळी का?

मोजण्याची रीत, मोजण्याचे ठिकाण आणि समुद्रसपाटी कुठली धरली, या तिन्हींवर उंची ठरते. कैलासाची उंची जुन्या नकाशांत ६,७१४ मीटर आणि अलीकडच्यांत ६,६३८ मीटर मिळते. शिखर खचलेले नाही, मोजणी सुधारली आहे. एव्हरेस्टचा ८,८४८ मीटर हा आकडा भारतीय सर्वेक्षण खात्याने १९५५ मध्ये दिला. नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये मिळून ८,८४८.८६ जाहीर केला.

पूर्वेकडे तर चुका फारच मोठ्या झाल्या. जोसेफ रॉक या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९३० च्या सुमारास खाममधले मिन्या कोंका एव्हरेस्टहून उंच, तीस हजार फुटांपेक्षा अधिक वाटले. ते सुमारे साडेसात हजार मीटरचे आहे. आमदोतल्या आम्ने माछिनबद्दल १९४० च्या दशकाअखेरीस हीच आवई उठली. त्याची उंची ६,२८२ मीटर. म्हणून उंचीच्या आकड्याशेजारी मोजणीचे वर्ष लिहायची सवय लावावी.

एका गावाची तीन-तीन नावे दिसतात. कोणते खरे?

खामच्या पूर्व दारावरचे दार्त्सेदो चिनी नकाशात खांगडिंग आहे. आमदोचे रेबकोंग तिथे थोंगरेन होते. कोकोनोर हे मंगोल नाव, तिबेटी त्याला त्सो ङोनपो म्हणतात, चिनी छिंगहाय. तिघांचा अर्थ निळे सरोवरच. ही तिन्ही नावे तिथे कोण कोण राहिले याची साक्ष देतात, म्हणून एकही पुसू नये. स्थानिक तिबेटी नाव आधी, नंतर इतर, असा क्रम मला योग्य वाटतो.

नावे राजकारणाने बदलतात हेही लक्षात असू द्या. युन्नानमधल्या ग्यालथांगचे चिनी नाव चोंगत्येन होते. पर्यटनासाठी २००१ मध्ये ते अधिकृतपणे शांग्रिला केले गेले. अरुणाचल प्रदेशातल्या जागांना चीन २०१७ पासून आपल्या नावांच्या याद्या जाहीर करतो आणि भारत त्या दर वेळी फेटाळतो.

तिबेटी नावे मराठीत कशी लिहावीत?

तिबेटी लिपी भारतीय लिपीवरून घडली आहे, क-ख-ग-ङ हा क्रमही ओळखीचा. त्यामुळे रोमन लिपीपेक्षा देवनागरी तिला जवळची. अडचण अशी, की लिहिणे जुन्या उच्चाराचे आणि बोलणे आजचे. ‘आठ’ या अर्थाचा शब्द ब-र-ग-य-द अशा अक्षरांनी लिहितात आणि ल्हासात जवळजवळ ‘ग्ये’ म्हणतात. १९५९ मध्ये टरेल वायलीने मांडलेली रोमन पद्धत अक्षर न् अक्षर दाखवते, उच्चार नाही. मराठी मजकुरात उच्चार लिहावा आणि नोंदवहीत मूळ तिबेटी अक्षरे ठेवावीत. ‘ङ’ टाळून ‘न्ग’ करू नका, आपल्याकडे अक्षर असताना ते वापरावे.

सगळीकडे एकच तिबेटी बोलतात का?

नाही. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तिकडे प्रत्येक खोऱ्याला आपली बोली आणि प्रत्येक लामाला आपला धर्म असे म्हणतात. ल्हासाच्या बोलीत स्वरांच्या चढउताराने अर्थ बदलतो, आमदोच्या बोलीत तसे होत नाही आणि जुने जोडव्यंजन अजून ऐकू येते. दोन गावचे लोक अनेकदा लिहून एकमेकांना समजतात, बोलून नाही. सिचुआनमधल्या ग्यालरोंगच्या भाषा तर वेगळ्याच. बोलणारे मात्र स्वतःला तिबेटी समजतात.

डोंगर पवित्र आहे हे नकाशावर कसे दाखवणार?

त्रिकोण काढून भागत नाही. तिबेटी भागात डोंगर हा त्या खोऱ्याचा धनी असतो, ‘युलहा’. वर्षातून एकदा गावकरी त्याच्या लाप्त्सेवर, म्हणजे दगड-लाकडांच्या ढिगावर, मोठे बाण रोवतात आणि धूप जाळतात. आमदोत ही प्रथा जोरात आहे. कोणत्या गावाचा कोणता लाप्त्से हे नोंदवले, की जुन्या कुरणांच्या हद्दी आपोआप उलगडतात.

दुसरी गोष्ट परिक्रमेची वाट, ‘कोरा’. नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हाताला राहते, तसाच इथे बौद्ध आणि हिंदू यात्रेकरू डोंगर उजवीकडे ठेवतात. बोन या तिबेटातल्या जुन्या धर्मपरंपरेचे लोक उलट्या दिशेने जातात. कैलासाची कोरा सुमारे ५२ किलोमीटरची, तिच्यातली डोल्मा खिंड ५,६०० मीटरहून उंच. तिबेटी अश्ववर्षात तिचे पुण्य अधिक मानतात. २०१४ हे तसे वर्ष होते, २०२६ हेही. ल्हासात तर शहरच परिक्रमांनी आखलेले : आत नांगखोर, जोखांगभोवती बारखोर, सगळ्या जुन्या शहराभोवती लिंगखोर.

त्सारीची कथा मला सर्वांत अस्वस्थ करते. दर बारा वर्षांनी, वानरवर्षात, हजारो यात्रेकरू या डोंगराची मोठी परिक्रमा करत सुबनसिरीच्या खोऱ्यातून आजच्या अरुणाचलमध्ये उतरत आणि परत वर जात. त्यासाठी स्थानिक जमातींशी करार होत. शेवटची मोठी परिक्रमा १९५६ मध्ये झाली. आता त्या वाटेच्या मधोमध दोन सैन्ये आहेत.

खाम आणि युन्नानच्या सीमेवर खावा कार्पो (६,७४० मीटर) आहे. स्थानिकांचा विरोध असताना तिथे गिर्यारोहक गेले. जानेवारी १९९१ मध्ये हिमप्रपातात चिनी-जपानी मोहिमेतले सतरा जण गेले. पुढे चढाईवर बंदी आली आणि शिखर आजही कोणी सर केलेले नाही. अशा शिखरावर चढाईची वाट आखून दाखवू नये असे मला वाटते.

पशुपालकांच्या वाटा नकाशात का नसतात?

कारण ती माणसे एका ठिकाणी नसतात. ‘द्रोकपा’ म्हणजे याक-मेंढ्यांसह उंच कुरणांवर फिरणारे, ‘रोंगपा’ म्हणजे खोऱ्यातले शेतकरी. एकाकडे लोणी, लोकर, मीठ, दुसऱ्याकडे सातू. चांगथांग या उत्तरेकडच्या उंच पठाराच्या खाऱ्या सरोवरांतले मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून दक्षिणेला नेपाळच्या डोल्पोपर्यंत आणि पुढे जाई, बदल्यात धान्य येई. १९५९ नंतर सीमा आवळल्या आणि १९६२ च्या युद्धाने जोहारसारख्या भारतीय खोऱ्यांचा व्यापार पार थांबला. मिलम जवळजवळ ओस पडले. पशुपालकांना पक्क्या वसाहतींत नेण्याच्या सरकारी योजनांमुळे पठारावरच्या वाटाही मोडत आहेत.

जुन्या नकाशावरची सरोवरे आज तशीच आहेत का?

नाहीत. सिलिंग त्सो गेल्या काही दशकांत इतके पसरले की त्याने नाम त्सोला मागे टाकले. वाढलेला पाऊस आणि वितळते हिम ही त्याची मुख्य कारणे. काठची कुरणे पाण्याखाली गेली. रेल्वे २००६ मध्ये ल्हासाला आणि २०२१ मध्ये न्यिंगत्रीला पोहोचली. म्हणून उपग्रहचित्राचेही साल पाहावे.

आज नकाशे आणि साधने कुठे मिळतात?

अमेरिकन लष्कराची १:२,५०,००० प्रमाणाची जुनी पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दक्षिण तिबेटचा मोठा भाग त्यांत येतो आणि बरीचशी माहिती पंडितांच्या परंपरेतूनच आलेली आहे. उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीची आकडेवारी खुली आहे, पण खोल घळींत तिच्यात भोके आहेत. स्थळनामांसाठी व्हर्जिनिया विद्यापीठाचे तिबेटन अँड हिमालयन लायब्ररी आणि ग्रंथांसाठी जीन स्मिथ यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले केंद्र, आजचे बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर, हे दोन्ही फार उपयोगी.

एक तांत्रिक सावधगिरी : चीनमधल्या नकाशासेवा कायद्याने मुद्दाम सरकवलेले निर्देशांक वापरतात. त्यामुळे तिथला रस्ता उपग्रहचित्रावर ठेवला की काहीशे मीटर बाजूला पडतो. आणि चीनमध्ये परवानगीशिवाय मोजणी करणे हा परदेशी माणसासाठी गुन्हा आहे. हौसेने जीपीएस नोंदी घेत फिरू नका.

सीमा कशी दाखवावी?

भारतात प्रसिद्ध होणाऱ्या नकाशात देशाची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच असावी लागते, तसा कायदा आहे. इतिहासाच्या नकाशात १९१४ च्या सिमला परिषदेची मॅकमोहन रेषा किंवा अंतर्गत आणि बाह्य तिबेटची विभागणी दाखवायची असेल, तर वर्षासह आणि वेगळ्या रेषेने दाखवा.

महाराष्ट्रात याचा अभ्यास कुठे पोहोचला आहे?

राहुल सांकृत्यायन यांनी १९३० च्या दशकात तिबेटच्या मठांतून हरवलेल्या संस्कृत पोथ्या शोधल्या. त्यांतल्या ङोर मठातल्या, वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या अभिधर्मकोशकारिकांचे संपादन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी केले. ते १९४६ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे.

मला स्वतः नोंद करायची आहे. तिबेटला न जाता सुरुवात कुठून करू?

एकच खोरे किंवा एकच वाट घ्या. मिलम ते पश्चिम तिबेटातले ग्यानिमा ही व्यापारवाट चांगली आहे, कारण तिच्यावर जुनी पत्रके, पंडितांच्या नोंदी आणि शौका लोकांच्या आठवणी तिन्ही मिळतात. प्रत्येक जागेपुढे सगळी नावे, उंची, मोजणीचे वर्ष आणि माहिती कोणी दिली हे लिहा.

मग माणसांकडे जा. १९५९ पूर्वी तिबेटात वाढलेली पिढी आता थकली आहे, आणि हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. वसाहतीतल्या आजोबा-आजींना राजकारण विचारू नका. गावचा युलहा कोणता, हिवाळ्यात याक कुठे नेत, मीठ कोणत्या खिंडीतून येई, लग्न होऊन मुली कोणत्या खोऱ्यात जात, हे विचारा. त्यांचे नातेवाईक तिकडे असू शकतात, म्हणून नाव छापण्याआधी स्पष्ट संमती घ्या आणि शंका असेल तर नाव वगळा. स्थळाचे नाव त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करा, आणि जमल्यास त्यांच्याच हातून तिबेटी लिपीत लिहून घ्या.